अजून रात्र व्हायची होती

सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, उठून चार-पाच दिवस झाले असतील. सासूबाईंची धाकटी बहीण, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, जेवायला आल्या होत्या. पाणी घ्यायला म्हणून त्या आत आल्या आणि फ्रिजसमोरच थबकल्या. दारावर चुंबक लावून मी लेकीचं चित्र अडकवलं होतं. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या सात काठ्या, प्रत्येक काठीखाली एक माणूस, केशरी आणि राणी रंगात नुसती बरसात. “अगं बाई, किती सुरेख काढलंय गं पोरीनं!” मावशी म्हणाल्या. लेक साडेचार वर्षांची. ती खाली फरशीवर बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “ते अर्धंच आहे. अजून रात्र व्हायची होती. आईनं घेतलं.”

मावशींना काही कळलं नाही, त्या हसल्या आणि ग्लास घेऊन बाहेर गेल्या. मी भाकरी थापत होते. पीठ बोटांवर वाळेपर्यंत हात परातीतच राहिला.

त्या दिवशी झालं होतं ते असं. यात्रेच्या होम मैदानावरून आम्ही आदल्या रात्री उशिरा आलो होतो. सकाळी उठल्याउठल्या तिनं कागद मागितला. पालथी पडून, पाय हवेत हलवत, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरून ती काढायला लागली. काठ्या मोठ्यानं मोजत होती, “पाच, सहा, आठ.” नंदीध्वज किती उंच असतो हे तिनं बापाच्या खांद्यावरून पाहिलं होतं, त्यामुळे तिची काठी कागदात मावेना. वरच्या कडेला पोचली की तिथून ती काठी आडवी वळवायची आणि कडेकडेनं पुढे न्यायची. उंची तर कमी करायची नव्हती ना! खालची माणसं म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेली, पोट-छाती काही नाही, पण प्रत्येकाला पांढरी बाराबंदी हवीच. आता पांढऱ्या कागदावर पांढरा खडू दिसत नाही. तरी तिनं तो जोर लावून फिरवला आणि “घातली” म्हणाली. मग बाशिंगं झाली, खोबऱ्याच्या वाट्यांचे हार झाले. अर्धा तास गेला असेल. मी कपड्यांच्या घड्या घालता घालता बघत होते आणि मनात म्हणत होते, वा, काय झालंय. तेवढ्यात तिनं काळा खडू उचलला. उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि खडू आडवा धरून खसाखसा भरायला लागली. एक काठी काळ्याखाली गेली. दुसरीही जायला आली.

“अगं, अगं, थांब की! किती छान झालंय. आता घाण नको करूस.” आणि मी कागद ओढून घेतला.

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. तिचा हात खडूसकट तसाच वर राहिला, मग तिनं खडू डबीत ठेवला आणि उठून गेली. मी काळा झालेला कोपरा बोटाखाली झाकून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. बदाम आले, ‘छोटी कलाकार’ आलं, पुण्याच्या नणंदेनं ‘जपून ठेव गं’ लिहिलं.

मावशी आल्या त्या रात्री, दिवा मालवल्यावर, मी अंथरुणात तिला विचारलं, “रात्र कशाला करायची होती गं?” तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. “दारूकाम अंधारातच करतात ना? उजेडात कसं दिसणार?” अर्थात. होम मैदानावर आम्ही तास-दीड तास उभे होतो ते कशासाठी? पाळण्यांचे दिवे, भज्यांच्या कढईचा वास, नाकात जाणारी धूळ, आणि मग एकदम आकाश फाटल्यासारखा पहिला बार. तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट धरले होते आणि डोळे मात्र सताड उघडे. आधी काठ्या, मग रात्र, मग दारूकाम, हा क्रम तिच्या डोक्यात पक्का होता. कागदावर ती यात्रा चालली होती. संध्याकाळ झाली होती, दिवेलागण व्हायची होती, आणि मी यात्राच बंद पाडली. मला जे चित्र वाटलं ते तिच्या लेखी वाटेतलं एक ठिकाण होतं.

हे लागलं मला, अजूनही लागतं. कारण मी वाईट वागले नव्हते. मी कौतुक करत होते.

तयार मालाकडे बघायची माझी नजर कुठून आली हे शोधायला मला लांब जावं लागत नाही. माझं माहेर सोलापुरातलंच, पूर्व भागातलं, साखर पेठेतलं. आमच्या गल्लीत झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात, आणि माग बंद पडले की जाग यायची. बाबा चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या कार्डांच्या, पंचिंगला होते. ग्राफच्या कागदावर मोर, वेल, कमळ असं डिझाइन रंगवलेलं असायचं. त्यातली चौकटींची एक ओळ म्हणजे एक कार्ड. ओळ वाचायची, त्या बरहुकूम पुठ्ठ्यावर भोकं पाडायची, की पुढची ओळ. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून त्याची माळ मागावर चढायची आणि ती माळ फिरेल तसा मोर एकेका बाण्यानं, आडव्या धाग्यानं, वर यायचा. एक भोक चुकलं तर चूक त्या एका चादरीत राहत नाही. माळ फिरून आली की तीच चूक पुन्हा, त्याच जागी. बाबांच्या डोळ्यांवर त्या जबाबदारीचं ओझं असायचं. घरी आल्यावर ते काही वेळ डोळे मिटून बसत. माल तपासणारा गडी चादर उजेडात धरून डाग, तुटका धागा शोधायचा आणि सापडला की एकच शब्द बोलायचा, “सेकंड.” तो शब्द आम्ही पोरं खेळातही वापरायचो. कुणाचा पतंग फाटका असला, कुणाची रेघ वाकडी आली, की सेकंड.

पण त्याच कारखान्यातून बाबा आणखी एक गोष्ट आणायचे. भोकं पाडताना निघालेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या. डाळीएवढ्या, गोल गोल, कागदी पिशवी भरून. त्यांचा कुणालाच काही उपयोग नव्हता म्हणून त्या आम्हाला मिळायच्या. मी आणि माझा भाऊ दुपारभर ओट्यावर त्या पसरून बसायचो. त्यांची नदी व्हायची, भात व्हायचा, पैसे व्हायचे, फुंकर मारली की पाऊस व्हायचा. हाताला घाम असायचा आणि त्या तळव्याला चिकटायच्या, पुठ्ठ्याचा तो कोरडा, किंचित आंबूस वास बोटांना राहायचा. संध्याकाळी आई केरसुणीनं सगळं गोळा करायची. आम्ही कधी “थांब, हे ठेवायचंय” म्हटल्याचं मला आठवत नाही. ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, आणि त्या ओट्यावर मी जितकी रमले तितकी पुढे कुठल्याच चित्रात रमले नाही.

पुढे मी चित्रकलेत हुशार म्हणून ओळखली गेले. रंगभरण स्पर्धेत रेषेबाहेर रंग न जाऊ देण्यात माझा हात कुणी धरत नसे. निसर्गचित्र म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. सोलापुरात! आमच्या गच्चीवरून सगळीकडे सपाट, सूर्य उगवायचा तो मिलच्या चिमणीआडून, आणि झाड म्हणजे धुळीनं राखाडी झालेला कडुनिंब. तरी चिमणी मी कधी काढली नाही, कारण चिमणीला बक्षीस मिळालेलं कुणी पाहिलं नव्हतं. एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएट दिली. स्थिरचित्रातल्या तांब्याची सावली, संकल्पचित्रातली सारखी पाकळी, सगळं नीट जमलं, चांगली श्रेणी आली. इंटरमिजिएटचा निकाल लागला त्या दिवसानंतर मी स्वतःहून ब्रश हातात घेतल्याचं आठवत नाही. कुणी मनाई केली नव्हती. आता कशासाठी काढायचं, हेच कळत नव्हतं.

लेकीच्या त्या एका वाक्यानंतर मी रात्री ती झोपल्यावर वाचत बसायला लागले. रोडा केलॉग नावाच्या बाई अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत बालवाडी चालवत. त्यांनी जगभरातून लहान मुलांची सुमारे 10 लाख चित्रं जमवली. मुलांच्या गिरगोट्यात त्यांना 20 मूळ रेघोट्या सापडल्या. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, फिरती, अशा. देश कुठलाही असो, पोरं साधारण त्याच वाटेनं चालतात. आधी हात नुसता फिरतो आणि मागे राहिलेल्या खुणेची मजा वाटते. मग एक दिवस गोल बंद होतो. मग त्या गोलाला किरणं फुटतात, डोळे फुटतात, पाय फुटतात, आणि आमच्या काठीखालच्या त्या बिनपोटाच्या माणसांसारखी माणसं तयार होतात. हे वाचताना मी पुस्तक मिटून दाराच्या मागे जाऊन बघून आले. तिथे भिंतीवर, जमिनीपासून दीड हातावर, निळ्या खडूचे गोल आहेत. ती अडीच-तीन वर्षांची असतानाचे. घरमालकांना काय सांगायचं या धास्तीनं मी ते पुसायला गेले होते आणि तेलखडू असल्यानं निघाले नव्हते. नीट बघितलं तर वरचे सगळे गोल उघडे आहेत, फिरून फिरून भलतीकडेच निसटलेले. खालच्या बाजूला एक आहे, त्याचं टोक टोकाला येऊन मिळालंय. त्यानंतरचे सगळे बंद आहेत. तो एक गोल जमला तेव्हा त्या दारामागे ती एकटीच होती, आणि मला आठवतोय तो फक्त माझा ओरडा.

तिच्या बालवाडीत महिन्यातून एकदा हस्तकला घरी येते. कापसाची मेंढी, अंगठ्याच्या ठशाचा गणपती, टिकल्या लावलेला आकाशकंदील. पालक-भेटीला दोरीवर तीस मेंढ्या वाळत घातल्यासारख्या लावलेल्या असतात, तिसांचे डोळे एकाच जागी. मी बाईंना एकदा धीर करून विचारलं की डोळे कोण लावतं. त्या थकल्या आवाजात म्हणाल्या, “आम्हीच लावतो हो. मुलांनी लावले की पोटावर लागतात, पाठीवर लागतात. मग पालक म्हणतात, वर्गात लक्ष देत नाही का? घरी न्यायला काहीतरी नीटनेटकं लागतंच की.” त्यांचा मला राग आला नाही. कापूस पिंजायला मिळाला का मुलांना, तो बोटाला चिकटला का, फुंकरीनं उडाला का, हे दोरीवर टांगता येत नाही, आणि आम्ही पालक दोरी बघायला जातो. तारा मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा त्या खडे, बिया, पानं, शिंपले असं भोवतालचंच सामान मुलांच्या हाती देत होत्या. बिया मांडायच्या, मोडायच्या, पुन्हा मांडायच्या. त्याला चिकटवायचा डिंक लागत नव्हता. महाराष्ट्राला हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही, आपल्याच घरातलं आहे ते, आपण माळ्यावर टाकून दिलंय.

बक्षिसाबद्दलही वाचलं आणि मी अस्वस्थ झाले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतली 51 मुलं, सगळी आपणहून आवडीनं चित्र काढणारी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते दिलं. काहींना काहीच नाही. दोन-एक आठवड्यांनी वर्गात नुसतेच स्केचपेन-कागद ठेवले आणि कोण किती वेळ तिकडे वळतं ते पाहिलं. बक्षीस ठरवून काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांकडे गेली. बक्षिसासाठी काढलेली चित्रंही उतरली होती कमी प्रतीची. माझ्या ब्रशला काय झालं होतं ते मला परक्या देशातल्या त्या मुलांमध्ये दिसलं. आणि लेकीच्या बाबतीत प्रशस्तिपत्राची जागा माझ्या फोननं घेतली होती. जानेवारीनंतर ती चित्र काढता काढता मध्येच थांबून विचारायला लागली होती, “आई, आता छान झालं का? आता फोटो काढणार?”

हा प्रश्न ऐकला की पोटात खड्डा पडायचा.

आपल्याकडे सगळंच असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक तेलुगू आजी आहेत. पहाटे पाण्याचा सडा मारून त्या दारात मुग्गू, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, घालतात. ठिपक्यांभोवती वळणारी एकच रेघ, चिमटीतून पीठ सांडल्यासारखं सुटतं आणि रेघ कुठेही जाड-बारीक होत नाही. दूधवाल्याची सायकल त्यावरून जाते, शाळेची पोरं जातात, दहा वाजेपर्यंत निम्मी पुसलेली असते. दुसऱ्या दिवशी नवी. मी एकदा म्हटलं, “आजी, एवढी मेहनत आणि लगेच जाते.” त्या म्हणाल्या, “उद्या जागा नको का?” दिवाळीतला किल्लाही तसाच होता. चार दिवस माती कालवण्यात, दगड आणण्यात, बुरूज ढासळला म्हणून भांडण्यात जायचे. हळीव उगवले की दर तासाला जाऊन बघायचं. मावळे शेवटी यायचे आणि ते उभे केले की किल्ल्यातला आमचा जीव निम्मा झालेला असायचा. आता रस्त्याकडेला प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, बुरुजासकट, रंगासकट. गेल्या दिवाळीत मी त्याची किंमतही विचारली होती. वेळ नव्हता.

हे सगळं लिहिते आहे, पण मला चित्रं ठेवायला आवडतात हेही खरं आहे. कपाटात माझी एक फाइल आहे, त्यात तिची पहिल्या वर्षापासूनची पानं आहेत. ती मोठी होईल, घरात इतके कागद पडलेले नसतील, तेव्हा मला ते हवे असणार. म्हणून आईनं काहीच जपू नये असं मला म्हणवत नाही. आणि “छान” हा शब्द तोंडातून न काढणं फार अवघड जातं, घशाशी येऊन थांबतो. पहिले काही दिवस मी नुसतीच गप्प बसायचे आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची, रागावली की काय म्हणून. मग मला जे दिसतंय तेच बोलायला लागले. “इथं फार जोर लावलास.” “हा हिरवा पार कडेपर्यंत गेला.” त्यावर ती पुष्कळ बोलते. “हे काय काढलंस?” विचारलं की मात्र ती आधी माझ्याकडे बघते, मग कागदाकडे, आणि मला आवडेल असं काहीतरी सांगते. मांजर. दोन मिनिटांनी तीच बस झालेली असते. तिला मांजरही काढायचं नसतं आणि बसही. निळा पिवळ्यावर घासला की काय होतं ते तिला बघायचं असतं.

उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, बाहेर त्रेचाळीस अंश आणि घरात पंख्याची गरम हवा, अशा एका दुपारी मी फ्रिजवरचं ते चित्र काढलं. चुंबकाचा गोल डाग पडला होता. कागद तिच्यापुढे ठेवला, शेजारी काळा खडू ठेवला. म्हटलं, “त्या दिवशी मी मध्येच घेतलं होतं. तुला रात्र करायची होती. कर आता.” मला वाटलं होतं ती झडप घालेल. तिनं कागद उचलून बघितला, बराच वेळ. मग म्हणाली, “आता नको. ती यात्रा संपली.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

तिनं कागद उलटा केला. काठ्या काढताना तिनं इतका जोर लावला होता की पाठीमागे त्या उमटल्या होत्या, कोऱ्या कागदावर उंचवट्यासारख्या. त्यावरून ती बोट फिरवत राहिली, “इथं लागतं हाताला. इथं पण.” बाबा चादरीची उलटी बाजू असंच बोट फिरवून बघायचे, डोळे मिटून. मग तिनं काळा खडू आडवा धरला आणि घासायला लागली. कोपऱ्यापासून नाही, मधूनच. फुलक्यांची कणीक भिजवायची होती, ती भिजवायला मी ओट्याकडे वळले. मागून खडूचा खसखस आवाज येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा ती “ढुम्म” म्हणाली. “झालं का?” जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. थोड्या वेळानं खडू फरशीवर टाकल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर खालच्या आजींच्या नातवाशी खेळायला पळाली. कागद मला दाखवला नाही. तो पंख्याच्या वाऱ्यानं सरकत सरकत टेबलाखाली गेला. संध्याकाळी केर काढताना मी त्याच्या बाजूनं झाडलं.